बाबांच्या सगळ्या गोळ्या एकदा एकाच टेबलावर येऊ द्या

या वेळी एका मुलीचं पत्र निवडलं आहे. पत्र बरंच मोठं होतं, त्यातला मुख्य भाग तिच्याच शब्दांत देते.

"माझे बाबा ७२ वर्षांचे आहेत. शुगर आणि बीपी जुनंच आहे, थायरॉइडही आहे. आठ महिन्यांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला. हृदयाचे डॉक्टर वेगळे, शुगरचे वेगळे, आणि पाय सुजायला लागले तेव्हा फॅमिली डॉक्टरांना दाखवलं. आता रोजच्या ११ गोळ्या झाल्या आहेत. शिवाय गुडघे दुखले की एक गोळी बाबा स्वतःच आणून घेतात, आणि ॲसिडिटीची एक. गेल्या महिन्यात औषधं आणायला गेले तर मेडिकलमधल्या फार्मासिस्टनी विचारलं, 'पायांची सूज कधीपासून आहे? ही लघवीची गोळी कुणी सुरू केली?' मग म्हणाले, 'घरात असतील नसतील तेवढी औषधं पिशवीत घालून आणा. दुपारी गर्दी नसते, बसून बघू.' भाऊ म्हणतो, औषध लिहायचं काम डॉक्टरांचं, द्यायचं काम त्यांचं. त्यांना सगळं कशाला दाखवायचं? आणखी काहीतरी गळ्यात मारतील. डॉक्टरांना कळलं तर तेही रागावतील अशी मला भीती वाटते. आणि बाबा यातल्या कुठल्या गोळ्या खरंच घेतात, कुठल्या नाही, हेच मला कळेनासं झालंय. काय करू?"

ताई,

पिशवी भरा आणि जा. त्याच फार्मासिस्टकडे, शक्यतो याच आठवड्यात. मीही याच पेशातली आहे. पैसे घेऊन पट्ट्या पुढे सरकवण्याआधी जो माणूस थांबून "ही गोळी कुणी सुरू केली" असं विचारतो, त्याच्या हाती औषधं सुरक्षित असतात, हे मी ठामपणे सांगू शकते.

त्यांनी तो प्रश्न का विचारला असेल, ते आधी सांगते, कारण तुमच्या भावाच्या शंकेचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

तुम्ही पाठवलेल्या यादीत बीपीसाठी अम्लोडिपिन आहे. औषध चांगलं आहे, जगभर वापरलं जातं. पण घोट्यांपाशी सूज येणं हा त्याचा सगळ्यांना ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे, आणि डोस वाढला की सूज येण्याची शक्यताही वाढते. अम्लोडिपिन बारीक धमन्या सैल करतं, शिरा मात्र तेवढ्या सैल होत नाहीत. त्यामुळे पायातल्या केशवाहिन्यांमधला दाब वाढतो आणि पाणी आजूबाजूला झिरपतं. अंगात एकूण पाणी जास्त झालेलं नसतं, ते नको तिथे साचलेलं असतं. म्हणूनच लघवी वाढवणाऱ्या गोळीनं ही सूज फारशी उतरत नाही.

आता तुमच्या घरात काय झालं असू शकतं ते बघा. बीपीची गोळी एका डॉक्टरांनी दिली. पाय सुजले ते दुसऱ्या डॉक्टरांनी पाहिले आणि फ्युरोसेमाइड, म्हणजे ती लघवीची गोळी, सुरू केलं. फ्युरोसेमाइडनं पोटॅशियम उतरू शकतं, युरिक ॲसिड चढू शकतं, उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. उद्या पोटॅशियम उतरून पायात गोळे आले तर त्यावर तिसरी गोळी येईल, युरिक ॲसिडनं पायाचा अंगठा ठणकला तर चौथी. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजला गेला, की पुढची औषधं अशी एकामागोमाग येत राहतात. पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या दोन डॉक्टरांनी १९९७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या साखळीवर लिहिलं आणि तिला 'प्रिस्क्रायबिंग कॅस्केड' म्हटलं. वयस्क रुग्णांची औषधं तपासताना आजही ही साखळी शोधतात.

यात कुठल्याच डॉक्टरांनी हलगर्जी केलेली नाही, हेही लक्षात घ्या. प्रत्येकानं समोर दिसलं त्यावर उपचार केले. तीन ठिकाणची औषधं एकत्र दिसतात ती फक्त त्या काउंटरवर, आणि तीसुद्धा तुम्ही सगळी तिथूनच घेत असाल तरच.

मात्र मी इथे बसून निदान करत नाही, आणि तुमचे फार्मासिस्टही तसं करणार नाहीत. बाबांना शुगर आहे, स्टेंट आहे. त्यांची सूज हृदयामुळे किंवा मूत्रपिंडामुळेही असू शकते, आणि तसं असेल तर लघवीची गोळी अत्यंत गरजेची आहे. म्हणून "अम्लोडिपिनमुळे सूज आलीय" असं ठरवून घरच्या घरी काही बंद करायचं नाही. विचारायचा प्रश्न इतकाच, की सूज आधी होती की गोळी आधी सुरू झाली? तारखा लावून बघितल्या की बऱ्याचदा उत्तर समोर येतं. फार्मासिस्टकडे त्या तारखा बिलांमध्ये असतात.

सूजेपेक्षा जास्त काळजी मला गुडघ्यांच्या गोळीची वाटते. बाबा बीपीसाठीच टेल्मिसार्टन घेतात, फ्युरोसेमाइड घेतात, आणि त्यावर स्वतःच्या मनानं दुखण्याची गोळी. ती आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांसारखी असेल, तर हे त्रिकूट मूत्रपिंडाला फार जड जातं. मूत्रपिंडातल्या गाळणीत रक्त आणणारी वाहिनी दुखण्याच्या गोळीनं आक्रसते. गाळणीतून बाहेर जाणारी वाहिनी टेल्मिसार्टननं सैल होते. लघवीच्या गोळीनं अंगातलं पाणीच कमी झालेलं असतं. तिन्ही बाजूंनी गाळणीतला दाब पडतो आणि मूत्रपिंड अचानक कामातून जाऊ शकतं, विशेषतः उलट्या-जुलाब झाले असतील किंवा कडक उन्हाळा असेल तेव्हा. शुगरवाल्यांच्या मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. त्यात स्टेंटमुळे ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, म्हणजे पोटात रक्तस्राव व्हायचा धोकाही वाढला. आयबुप्रोफेन असेल तर ते ॲस्पिरिनचं रक्त गोठू न देण्याचं कामच अडवू शकतं. शिवाय या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी चढवतात आणि पायही सुजवतात.

म्हणजे पायांच्या सूजेचं आणखी एक कारण तुमच्या घरातल्या ड्रॉवरमध्ये असू शकतं, आणि ते तिन्ही डॉक्टरांपैकी कुणाच्याच कागदावर नाही. बाबांनी ती गोळी सांगितली नाही, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नाही. गुडघा दुखला म्हणून घेतलेली गोळी, त्यात काय सांगायचं! बहुतेक घरांत हेच होतं. डॉक्टर विचारतात, "आणखी काही औषध चालू आहे का?" आणि घरातली सगळी माणसं प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात.

ॲसिडिटीच्या गोळीचंही तसंच. ती ओमेप्राझोल असेल तर क्लोपिडोग्रेलबरोबर ती चालत नाही. क्लोपिडोग्रेल पोटात जातं तेव्हा निष्क्रिय असतं, यकृतातल्या एका एन्झाइमनं ते कामाला लागतं, आणि ओमेप्राझोल नेमकं तेच एन्झाइम अडवतं. स्टेंट उघडा ठेवणाऱ्या गोळीची ताकद त्यामुळे कमी होऊ शकते. पण इथेही "बंद करा" हे उत्तर नसेल. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू असताना पोटाला संरक्षण लागतंच. पॅन्टोप्राझोल या ॲसिडिटीच्याच दुसऱ्या गोळीचा हा त्रास बराच कमी आहे, म्हणून बहुधा हृदयाचे डॉक्टर गोळी बदलून देतील. फार्मासिस्टचं खरं कसब मला इथे दिसतं. 'हे काढा' म्हणणं सोपं असतं. त्याच्या जागी काय चालेल, आणि ते कुणाला विचारून करायचं, हे सांगायला अभ्यास लागतो.

आणखी एक बारीक गोष्ट. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी बाबा एकत्र घेत असतील, तर कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला पोटातच धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर हवं. लोहाच्या गोळीलाही हाच नियम. हे माहीत नसलं की टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) वाढलेलं दिसतं, डोस वाढतो, मग कधीतरी कॅल्शियम बंद होतं आणि तोच डोस एकदम जास्त पडून छातीत धडधडायला लागतं. वेळ बदलली असती तर काम भागलं असतं. यात पैसा लागत नाही, नवं औषध लागत नाही, फक्त कुणीतरी "सकाळी उठल्यावर काय काय घेता, क्रमानं सांगा" एवढं विचारावं लागतं.

आता त्या भेटीबद्दल. पिशवीत खरोखर सगळं घाला. चालू गोळ्या, बंद केलेल्या पण टाकून न दिलेल्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब, मलमं, व्हिटॅमिनच्या बाटल्या, आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथीचं काही असेल तर ते, कुणीतरी "मला फरक पडला" म्हणून दिलेली पुडी. काढून ठेवायचा मोह होईल तेच आधी घाला. तिन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, हॉस्पिटलमधून सोडताना मिळालेला कागद, आणि अलीकडचे रिपोर्ट घ्या. त्यात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), पोटॅशियम, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर) आणि टीएसएच असले तर उत्तम. बीपी किंवा शुगर घरी मोजत असाल तर ती वहीही घ्या.

पट्ट्या कात्रीनं कापून दोन-दोन गोळ्यांचे तुकडे करून ठेवले असतील, तर तेही तसेच न्या. अशा तुकड्यांवर नाव अर्धवट असतं, एक्सपायरीची तारीख बहुधा दुसऱ्या तुकड्यावर राहिलेली असते, आणि दोन पांढऱ्या गोल गोळ्यांतली कुठली कुठली हे घरात कुणालाच सांगता येत नाही. फार्मासिस्ट टेबलावर एकेक पट्टी उलटी करून त्यावरचं औषधाचं नाव वाचतील. पट्टीवर एक असतं ते कंपनीनं दिलेलं नाव, आणि दुसरं असतं ते खरं औषध. टेल्मिसार्टन दोन वेगळ्या नावांनी दोन डॉक्टरांकडून घरात आलेलं असणं आणि दोन्ही पट्ट्या इमानेइतबारे संपत असणं, ही आमच्या कामात कायम सापडणारी गोष्ट आहे. कधी एक पट्टी साधी असते आणि दुसरी दोन औषधं एकत्र केलेली. मग गोंधळ आणखी वाढतो.

त्यानंतर ते गोळ्या मोजतील. ३० गोळ्या नेऊन २० दिवस झाले आणि पट्टीत १९ शिल्लक आहेत, तर हिशोब बोलून जातो. तुम्ही लिहिलंय की बाबा काय घेतात ते कळत नाही. या मोजणीतून ते कळेल. पण कृपा करून तिथे बाबांना धारेवर धरू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ साली लिहिलं होतं, की दीर्घ आजारांवरची औषधं सांगितल्याप्रमाणे घेणारे रुग्ण विकसित देशांतही सरासरी निम्मेच असतात. औषध चुकवणाऱ्यांना शिस्त नसते असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. चुकवण्यामागे बहुतेक वेळा कारण असतं, आणि ते कारण माणूस घरच्यांना सांगत नाही.

चांगला फार्मासिस्ट "गोळ्या वेळेवर घेता ना?" असं विचारत नाही, कारण त्यावर सगळेच "हो" म्हणतात. तो म्हणतो, "एवढ्या गोळ्या म्हटल्यावर अधूनमधून राहणारच. आठवड्यातून साधारण कितीदा राहते? कुठली जास्त राहते?" मग बाबा कदाचित सांगतील, की बाहेर जायचं असेल त्या दिवशी लघवीची गोळी मी टाळतो, वाटेत कुठे जाणार? किंवा शुगरच्या मेटफॉर्मिननं पोट बिघडतं. किंवा एकदा शुगरचीच ग्लिमेपिराइड घेतल्यावर जेवायला उशीर झाला, दरदरून घाम फुटला, हातपाय कापले, तेव्हापासून त्या गोळीची भीती बसली. या तिन्हींना उपाय आहेत. लघवीची गोळी त्या दिवशी परत आल्यावर घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारता येतं. मेटफॉर्मिन जेवणासोबत घेतलं, किंवा हळूहळू विरघळणारं घेतलं तर पोटाचा त्रास पुष्कळांना कमी होतो. (ती हळूहळू विरघळणारी गोळी मात्र फोडून किंवा कुटून द्यायची नाही.) आणि शुगर उतरल्याचा तो प्रसंग तर शुगरच्या डॉक्टरांना कळलाच पाहिजे, कारण ७२ व्या वर्षी शुगर फार खाली जाणं हे थोडी जास्त राहण्यापेक्षा घातक ठरू शकतं. लपवलेली गोळी पकडली म्हणून रागावलात तर यातलं काहीच बाहेर येणार नाही. मला तर वाटतं, तो भाग चालू असताना तुम्ही जरा बाजूला उभ्या राहा.

भावाच्या शंकेकडे येते. ती मी उडवून लावणार नाही. विकणारा आणि सल्ला देणारा एकच असेल तर सावध राहणं शहाणपणाचंच आहे. मग ओळखायचं कसं? पांढरा कोट सगळेच घालतात, म्हणून आधी "तुम्ही फार्मासिस्ट आहात ना?" असं सरळ विचारा. काउंटरवरचा मदतनीस आणि शिकलेला फार्मासिस्ट यांत मोठा फरक आहे, आणि हा प्रश्न विचारल्याचा खऱ्या फार्मासिस्टला राग येत नाही. पिशवी तपासल्यावर तुमची औषधं कमी व्हायची किंवा तेवढीच राहायची शक्यता जास्त असते. पिशवी बघून कुणी नवं टॉनिक हातात ठेवलं, तर भावाचं म्हणणं खरं मानून तिथून निघा. तुमच्या फार्मासिस्टनी मात्र विकायच्या ऐन वेळी शंका काढली आणि गर्दी नसताना बोलावलं. विकण्यातच रस असलेला माणूस असं करत नाही.

भावाला आणखी एक सांगा. औषधं देण्यापुरतं फार्मासिस्टचं काम, ही समजूत आता जुनी झाली. १९९० साली अमेरिकेत चार्ल्स हेपलर आणि लिंडा स्ट्रँड यांनी मांडलं, की औषध हातात दिल्यावर फार्मासिस्टची जबाबदारी संपत नाही, रुग्णाला त्या औषधानं अपेक्षित गुण आला का याचीही ती जबाबदारी आहे. तेव्हापासून अनेक देशांनी हे काम रीतसर सुरू केलं. ऑस्ट्रेलियात तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फार्मासिस्ट रुग्णाच्या घरी जाऊन सगळी औषधं तपासून देतात आणि डॉक्टरांना अहवाल पाठवतात.

या सगळ्यातलं मला सर्वांत भावलेलं काम लॉस एंजेलिसमधलं आहे. तिथल्या ५२ केशकर्तनालयांमध्ये बीपी ताब्यात नसलेले ३१९ कृष्णवर्णीय पुरुष निवडले. काही दुकानांत फार्मासिस्ट स्वतः येऊन बसायचे, बीपी मोजायचे आणि डॉक्टरांशी झालेल्या करारानुसार औषध सुरू करायचे, बदलायचे. बाकीच्या दुकानांत केस कापणारा माणूस गिऱ्हाइकांना राहणीमान सुधारायला आणि डॉक्टरांकडे जायला सांगायचा. सहा महिन्यांत वरचं बीपी फार्मासिस्ट असलेल्या दुकानांत सरासरी २७ नं उतरलं, बाकीच्या दुकानांत ९ च्या आसपास. २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हे छापून आलं. त्या लोकांना औषधं माहीत नव्हती असं नाही. नेमानं भेटणारं, मोजणारं आणि मोजलेल्या आकड्यावर लगेच काहीतरी करणारं माणूस त्यांना मिळालं, फरक त्यानं पडला.

सगळीकडे फार्मासिस्टला औषध बदलायचा अधिकार नसतो. तुमच्याकडे बदल डॉक्टरच करतील असं धरून चाला, आणि यातूनच तुमची दुसरी भीती येते, की डॉक्टर रागावतील. बोलायची पद्धत जमली तर सहसा रागावत नाहीत. "मेडिकलवाले म्हणाले ही गोळी चुकीची आहे" असं तुम्ही म्हणालात तर कुठलाही डॉक्टर चिडेल, आणि त्यात त्यांची चूक नाही. त्याऐवजी फार्मासिस्टकडून एका कागदावर पूर्ण यादी लिहून घ्या. औषधाचं खरं नाव, डोस, वेळ, कशासाठी, कुणी सुरू केलं, कधीपासून. खाली दोन-तीन प्रश्न. उदाहरणार्थ, "अम्लोडिपिन वाढवल्यानंतर सूज सुरू झालेली दिसते, तपासाल का?" "रुग्ण दुखण्याची गोळी स्वतःहून घेतात, पर्याय सुचवाल का?" असा कागद डॉक्टरांचा वेळ वाचवतो. तीच प्रत तिन्ही डॉक्टरांना द्या. फार्मासिस्ट स्वतः फोन करायला तयार असतील तर फारच छान, पण कागद तुमच्या हातात हवाच.

कुठल्या डॉक्टरांकडे आधी जायचं असं विचाराल, तर माझं मत हृदयाच्या. बीपीच्या, सूजेच्या आणि स्टेंटच्या गोळ्यांचे निर्णय एकमेकांत अडकलेले आहेत, ते एकाच ठिकाणी व्हावेत. तोवर एकही लिहून दिलेली गोळी परस्पर थांबवू नका. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल तर अजिबात नाही. स्टेंट बसवून आठ महिनेच झालेत, या गोळ्या अचानक थांबल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. दात काढायचा असला, छोटं ऑपरेशन ठरलं, तरी "दोन दिवस बंद ठेवा" हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ऐकायचं नाही.

सात दिवसांचे कप्पे असलेली डबी घ्यायचा विचार असेल तर चांगला आहे, पण यादी पक्की झाल्यावर. चुकीची यादी डबीत भरली तर चूकच नेमानं पोटात जाते. आणि काही गोळ्या मूळ वेष्टनातून काढून ठेवायच्या नसतात. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी बाबांना दिलेली असेल तर ती तिच्या मूळ बाटलीतच हवी, नाहीतर तिची ताकद जाते. डबी भरायच्या आधी फार्मासिस्टना यातल्या कुठल्या चालत नाहीत ते विचारा.

त्याच बैठकीत आणखी एक विचारून ठेवा, कारण आयत्या वेळी सुचत नाही. बाबांना उलट्या-जुलाब सुरू झाले, खाणंपिणं बंद झालं, तर त्या दिवसांत कुठल्या गोळ्या द्यायच्या आणि कुठल्यांबद्दल डॉक्टरांना लगेच फोन करायचा? मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, टेल्मिसार्टन आणि फ्युरोसेमाइड या चौघींचा प्रश्न तेव्हा येतो. उत्तर डॉक्टरांकडून पक्कं करून त्या यादीच्या मागे लिहून ठेवा.

भावाला बरोबर घेऊन जा. त्याला पटवायला म्हणून नव्हे. तुम्ही गावाला गेलात किंवा आजारी पडलात तर रात्री-बेरात्री बाबांना हॉस्पिटलमध्ये नेणारा तोच असेल, आणि तिथे पहिला प्रश्न "औषधं कुठली चालू आहेत?" हाच असतो. यादीचा फोटो त्याच्याही फोनमध्ये असू द्या. औषध बदललं की नवा फोटो, जुना काढून टाकायचा. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर तर ही यादी पुन्हा फार्मासिस्टसमोर ठेवायची, कारण सगळ्यांत जास्त गफलती त्याच दिवसांत होतात. आधीचं औषध चालूच राहतं, आणि नवं त्याच्यावर चढतं.

हे सगळं सावकाश झालं तरी चालेल. काही गोष्टींना मात्र पिशवीची किंवा अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. शौच डांबरासारखं काळं होणं, झोपल्यावर दम लागून उठून बसावं लागणं, तीन दिवसांत वजन दोन किलोच्या वर वाढणं, लघवी एकदम कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. शुगर ७० च्या खाली गेली तर आधी लगेच ग्लुकोज किंवा साखर द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा आणि मग फोन करा. बाबा शुद्धीत नसतील तर तोंडात काही घालू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

आणि गुडघ्यांची गोळी आजच बघा. ड्रॉवर उघडा, पट्टी उलटी करा, मागचं नाव फार्मासिस्टना फोनवर वाचून दाखवा, बाबा आठवड्यातून किती घेतात तेही सांगा. ती आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा त्या जातीतली निघाली तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोला, आणि गेल्या काही महिन्यांत क्रिएटिनिन तपासलेलं नसेल तर ते करून घ्यायचं का हेही विचारा. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल ठरवलेल्या डोसात, वरून लावायचं मलम, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम असे पर्याय आहेत. बाबांना नुसतं "ती गोळी घेऊ नका" म्हणालात तर ते दुखणं सोसतील किंवा लपून घेतील, म्हणून पर्याय हातात घेऊनच त्यांच्याशी बोला.